एकोणीस मतदारसंघांचा हिशेब

४ जून २०२४ ची सायंकाळ. महाराष्ट्रातील ४८ लोकसभा मतदारसंघांचे निकाल हाती येत होते आणि दूरचित्रवाहिन्यांच्या स्टुडिओंतून एकच ढोल बडवला जात होता. महाराष्ट्राने हिंदुत्व नाकारले, या मातीने या विचाराला मूठमाती दिली, असा निर्वाळा देण्याची तथाकथित पुरोगामी विद्वानांमध्ये जणू चढाओढ लागली होती. भारतीय जनता पक्षाने २८ जागा लढवून अवघ्या ९ जिंकल्या होत्या. २०१४ मध्ये २४ पैकी २३ आणि २०१९ मध्ये २५ पैकी २३ जागा जिंकणारा हा पक्ष २००९ च्याच आकड्यावर, म्हणजे पुन्हा ९ वर, येऊन थांबला होता. महायुतीच्या पदरात एकूण १७ जागा पडल्या, महाविकास आघाडीने ३० जिंकल्या, आणि सांगलीचा अपक्षही लवकरच काँग्रेसच्या पाठीशी उभा राहिला.

साडेपाच महिने लोटले. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे निकाल लागले. भाजपने १४९ जागा लढवून १३२ जिंकल्या. महायुती मित्रपक्षांसह २८८ पैकी २३५ जागांवर पोहोचली. जूनमध्ये ज्यांच्या वाणीला बहर आला होता, त्यांची नोव्हेंबरमध्ये वाचाच बसली. ती परत आली तेव्हा त्यांना एकाएकी मतदान यंत्रे संशयास्पद वाटू लागली. जूनमध्ये ३० खासदार निवडून देणारे यंत्र पवित्र आणि नोव्हेंबरमध्ये २३५ आमदार निवडून देणारे यंत्र पापी, हा तर्क ज्यांना शोभतो त्यांना तो लखलाभ असो.

परंतु या ढोंगाचा समाचार घेताना राष्ट्रीय विचाराच्या कार्यकर्त्याने दुसऱ्या एका भ्रमाकडे डोळेझाक करून चालणार नाही. विधानसभेच्या गुलालात लोकसभेचा पराभव धुऊन निघाला, आता त्याचे नाव काढण्याचे कारण नाही, असे मानणारा मोठा वर्ग स्वकीयांतच आहे. विरोधकांचा भ्रम विरोधकांना बुडवील. हा भ्रम मात्र स्वकीयांना बुडविल्याशिवाय राहणार नाही. म्हणूनच त्या एकोणीस मतदारसंघांचा हिशेब विजयाच्या काळातच मांडला पाहिजे. पराभवाच्या क्षणी मांडलेला हिशेब विलाप ठरतो; विजयानंतर मांडलेला हिशेब शहाणपण ठरते.

विचार हरला नव्हता

आधी विरोधकांच्या दाव्याची शहानिशा करू. हिंदुत्व नाकारले गेले असते, तर ते मतांच्या बेरजेत दिसायला हवे होते. प्रत्यक्षात काय दिसते? महाविकास आघाडीला सुमारे २ कोटी ५० लाख मते पडली आणि महायुतीला सुमारे २ कोटी ४८ लाख. दोहोंतील अंतर एक टक्काही नाही. भाजप एकट्याने २६.१८ टक्के मते घेऊन राज्यातील सर्वांत मोठा पक्ष राहिला. १६.९२ टक्के मते मिळविणाऱ्या काँग्रेसने १७ जागा लढवून १३ जिंकल्या, हे तिचे यश मान्य करावे लागेल. पण सव्वीस टक्के मते मिळविणारा विचार नाकारला गेला आणि सतरा टक्के मते मिळविणारा स्वीकारला गेला, हे गणित कोणत्या शाळेत शिकवले जाते?

इथपर्यंत वाचून ज्याला समाधान वाटेल, त्याने पुढचा आकडाही वाचावा. २०१९ मध्ये भाजपला महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४९ लाख मते मिळाली होती. २०२४ मध्येही ती सुमारे १ कोटी ४९ लाखच होती. पाच वर्षांत मतदार वाढले, लढविलेल्या जागा २५ च्या २८ झाल्या. मते मात्र होती तेथेच राहिली. तीन जागा अधिक लढवूनही मतांच्या राशीत भर पडली नाही, याचा सरळ अर्थ असा की, जेथे पाय रोवलेले होते तेथेच जमीन खचली. विचार हरला नव्हता हे खरे. पण विचार आपोआप जिंकत नसतो, हेही तितकेच खरे. विचाराला मतदान केंद्रापर्यंत चालत नेणारी पावले लागतात. त्या उन्हाळ्यात ती पावले मंदावली होती.

मालेगावची सबब

पराभवाची चर्चा निघाली की धुळ्याचे उदाहरण हमखास पुढे येते, आणि ते खोटे नाही. धुळे मतदारसंघातील सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांची बेरीज करता डॉ. सुभाष भामरे सुमारे १ लाख ९० हजार मतांनी पुढे होते. मालेगाव मध्य या एकाच क्षेत्राने काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली. निकाल लागला ३,८३१ मतांनी. मतपेढीचे राजकारण म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून बोलका आकडा सापडणार नाही. ज्यांनी आयुष्यभर जातीयवादाविरुद्ध व्याख्याने झोडली, त्यांच्यापैकी एकालाही या एकगठ्ठा मतदानात जातीयवाद दिसला नाही. हा त्यांचा निधर्मीपणा!

पण येथेच थांबणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. मालेगावच्या मतदाराने उन्हात रांग लावून मतदान केले, हा काही अपराध नव्हे; राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाला दिलेला तो अधिकार आहे. प्रश्न त्यांनी का केले हा नसून इतरांनी का केले नाही, हा आहे. सहा विधानसभा क्षेत्रांच्या मतदारसंघात मतदान केंद्रे दोन हजारांच्या आसपास असतात. ३,८३१ मतांचा पराभव म्हणजे केंद्रामागे दोन मतांचा पराभव. दोन मते! एका घरातील आजी-आजोबांना रिक्षात बसवून केंद्रावर नेले असते, तरी भरून निघाली असती एवढी ही तूट. बीडमध्ये पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी हरल्या. तेथेही हिशेब केंद्रामागे तीन मतांच्या आसपासच जातो.

आणि एकगठ्ठा मतदान हा काही सृष्टीचा अढळ नियम नव्हे. त्याच मालेगाव मध्यमध्ये नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत तीच मते दोन उमेदवारांत अशी विभागली गेली, की निकाल अवघ्या १६२ मतांनी लागला. तेव्हा मालेगावकडे बोट दाखवून उरलेल्या अठरा पराभवांवर पांघरूण घालता येणार नाही. चंद्रपुरात मालेगाव नव्हते. वर्ध्यात नव्हते. माढ्यात, जालन्यात, नंदुरबारमध्ये नव्हते. तेथे काय झाले?

विदर्भ : बालेकिल्ल्याची तटबंदी

विदर्भातील दहांपैकी सात जागा भाजपने लढविल्या. जिंकल्या दोन : नागपूर आणि अकोला. त्यांपैकी अकोल्याची लढत तिरंगी होती. तेथे ४० हजारांच्या विजयात विरोधी मतविभाजनाचा वाटा किती, हे प्रकाश आंबेडकर यांना पडलेली पावणेतीन लाखांहून अधिक मते सांगतात. नागपुरात नितीन गडकरी यांनी विजयाची हॅट्‌ट्रिक साधली, ही अभिमानाची गोष्ट. पण त्यांचे मताधिक्य २०१४ मध्ये सुमारे २ लाख ८४ हजार, २०१९ मध्ये २ लाख १६ हजार आणि २०२४ मध्ये १ लाख ३७ हजार असे उतरत गेले आहे. रस्ते, पूल आणि मेट्रो यांची एवढी कामे डोळ्यांसमोर उभी असताना, आणि संघकार्याचा जेथे उगम झाला त्या नगरीत हे घडावे, याचा विचार कोणी करायचा?

वर्धा २०१९ मध्ये सुमारे १ लाख ८७ हजार मतांनी जिंकला होता. २०२४ मध्ये तो ८१ हजारांनी गेला. भंडारा-गोंदिया १ लाख ९७ हजारांनी जिंकला होता. तो ३७ हजारांनी गेला. चंद्रपूर २०१९ मध्येच हातचे गेले होते आणि तो त्या वर्षीचा काँग्रेसचा राज्यातील एकमेव विजय होता. तेव्हा पराभव सुमारे ४४ हजारांचा होता. पाच वर्षांनी राज्यातील वजनदार मंत्री मैदानात उतरूनही तो २ लाख ६० हजारांवर गेला. एका पराभवातून पाच वर्षांत काहीही शिकले नाही, तर तो सहापट होऊन परत येतो, हा चंद्रपूरचा धडा आहे.

सोयाबीन आणि कापूस या दोन पिकांवर विदर्भाचे आणि मराठवाड्याचे घर चालते. त्या हंगामात सोयाबीन हमीभावाच्या खाली विकले जात होते. शेतकऱ्याच्या घरी जाऊन, ओट्यावर बसून, त्याचा राग ऐकून घेणारा कार्यकर्ता त्या काळात कमी दिसला. राग ऐकून घेतला की अर्धा ओसरतो. ऐकायला कोणी आले नाही की तो मतपेटीत उतरतो.

कांद्याचे पाणी

उत्तर महाराष्ट्रात जळगाव आणि रावेर या दोन जागा दोन-अडीच लाखांच्या दणदणीत मताधिक्याने आल्या. धुळे, नंदुरबार, दिंडोरी आणि अहमदनगर या चार गेल्या. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद करण्यात आली. ती खुली झाली मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात, तीही किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्काच्या बेडीसह. नाशिक जिल्ह्यात मतदान होते २० मे रोजी. शहरी ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा हा हेतू वाईट नव्हता. पण चार-पाच महिने चाळीत कांदा सडताना पाहिलेल्या शेतकऱ्याचे अश्रू दोन आठवड्यांत पुसले जातील, अशी अपेक्षा करणे हा शुद्ध भाबडेपणा होता.

दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री डॉ. भारती पवार १ लाख १३ हजार मतांनी पराभूत झाल्या. तेथे विजयी उमेदवाराशी नामसाधर्म्य असलेल्या आणि ‘तुतारी’ हे चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाने १ लाख ३ हजारांहून अधिक मते घेतली. त्यांतील बहुसंख्य मते चुकून तेथे गेली असे धरले, तर खरा पराभव किती मोठा होता? साताऱ्यातही तेच. उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी जिंकले, आणि ‘तुतारी’ चिन्हाच्या अपक्षाला त्याहून अधिक, म्हणजे ३७ हजारांवर मते पडली. छत्रपतींच्या गादीचा मान राखला गेला याचा आनंद आहेच. पण नऊ विजयांची मोजदाद करताना त्यांतील किती स्वकष्टाचे आणि किती दैवयोगाचे, हे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे.

राखीव नऊ, हाती एक

महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी पाच लोकसभा मतदारसंघ राखीव आहेत : अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर आणि सोलापूर. महायुतीने पाचही गमावले. अनुसूचित जमातींसाठी चार आहेत : नंदुरबार, दिंडोरी, गडचिरोली-चिमूर आणि पालघर. त्यांतील एकटे पालघर हाती आले. नऊपैकी एक! या निकालपत्रातील हा सर्वांत वेदनादायक आकडा आहे.

संविधान बदलणार, आरक्षण काढून घेणार, हा प्रचार धादांत असत्य होता यात तिळमात्र शंका नाही. आणि तो करत कोण होते? ज्या काँग्रेसने १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पराभूत केले. ज्या काँग्रेसने आणीबाणीत विरोधकांना तुरुंगात डांबून १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यघटनेचा चेहराच बदलून टाकला, ती काँग्रेस! चोराने गावभर ‘चोर, चोर’ म्हणून ओरडावे, असा हा प्रकार होता.

पण असत्याला पाय नसतात असे म्हणतात, मग हे असत्य वस्तीवस्तीत कसे चालत गेले? त्याचे पहिले पाऊल स्वकीयांनीच टाकून दिले. चारशेहून अधिक जागा राज्यघटना बदलण्यासाठी हव्यात, असे कर्नाटकातील खासदार अनंतकुमार हेगडे मार्च २०२४ मध्ये बोलून गेले. पक्षाने हात झटकले, त्यांची उमेदवारीही कापली; पण सुटलेला बाण भात्यात परत येत नाही. ‘चारसौ पार’ ही घोषणा कार्यकर्त्याच्या मनात सुस्ती आणि मतदाराच्या मनात शंका, अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी पेरून गेली.

दुसरे कारण अधिक खोल आहे. १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी सामाजिक समतेचा विषय निःसंदिग्ध शब्दांत मांडला. १९८३ साली सामाजिक समरसता मंच उभा राहिला. सेवावस्त्यांतून, वनवासी पाड्यांतून असंख्य कार्यकर्त्यांनी आयुष्य वेचले. एवढी पुण्याई गाठीशी असताना एक खोटी अफवा चार आठवड्यांत तिच्यावर मात करते, याचा अर्थ समरसता व्यासपीठावर राहिली आणि शेजाराच्या नात्यात पुरेशी उतरली नाही. ज्याच्या घरी वर्षभर येणे-जाणे आहे, ज्याच्या सुखदुःखात आपण सहभागी आहोत, तो कोणत्याही अफवेवर विश्वास ठेवण्याआधी एकदा तरी विचारतो, “काय हो, हे खरे आहे का?” हा प्रश्न विचारायला माणूसच जवळ नसेल, तर अफवा हेच सत्य ठरते.

मराठवाडा : भोपळा

नांदेड, जालना, बीड आणि लातूर. मराठवाड्यातील या चार जागा भाजपने २०१९ मध्ये जिंकल्या होत्या. २०२४ मध्ये चारही गेल्या. जालना तर १९९६ पासून एकदाही हातचे गेले नव्हते. पाच वेळा निवडून आलेले रावसाहेब दानवे केंद्रीय राज्यमंत्री असताना १ लाख ९ हजार मतांनी पराभूत झाले. याच जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे १ सप्टेंबर २०२३ रोजी आंदोलकांवर लाठीमार झाला होता. त्या जखमेवर वेळीच फुंकर घातली गेली नाही. मराठा आणि इतर मागासवर्गीय यांच्यात जी भिंत उभी राहिली, ती बांधणारे हात कोणाचे होते याची चर्चा करता येईल. पण हिंदू समाज एकसंध राखणे हे ज्यांनी आपले जीवितकार्य मानले आहे, त्यांना गावागावांत दोन्ही आळ्यांत जाऊन ही भिंत उभी राहण्यापासून रोखता आली नाही, ही खंत बाळगायला हवी. समाज जातींत विभागला गेला की हिंदुत्वाचा आधार आपोआप खचतो, हे ज्ञान ज्यांना पुस्तकात आहे त्यांना ते बीडच्या निकालाने प्रत्यक्षात दाखविले.

आयात आणि उशीर

नांदेडात माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ मध्ये पक्षात आले, राज्यसभेवरही गेले. नांदेड जिंकले असे सर्वांनी गृहीत धरले. नांदेड गेले ५९ हजार मतांनी. नेता आला, पण त्याच्यामागचा मतदार आला नाही. आणि ज्या कार्यकर्त्याने त्या नेत्याविरुद्ध आयुष्यभर झुंज दिली, त्याने काय करायचे, हे त्याला कोणी सांगितले नाही. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचा एक गट सत्तेत सामील झाला, तेव्हाही हाच प्रश्न होता. ज्या पक्षाच्या कारभाराविरुद्ध दारोदार पत्रके वाटली, त्याचीच घड्याळे आता घरोघर पोहोचवायची, हे कार्यकर्त्याच्या गळी उतरले नाही. विचारपरिवारातील नियतकालिकांनी २०२४ च्या निकालानंतर ही व्यथा उघडपणे मांडली. ती मांडणाऱ्यांवर रागावण्यापेक्षा ती ऐकणे अधिक हिताचे होते.

राजकारणात तडजोड निषिद्ध नाही. पण तडजोड कशासाठी आणि कुठवर, हे सतरंज्या उचलणाऱ्याला विश्वासात घेऊन सांगावे लागते. माढ्यात मोहिते-पाटील घराण्याची नाराजी वेळेवर ओळखता आली नाही. तेथे १ लाख २० हजारांनी पराभव पत्करावा लागला. सोलापुरात २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तीन निवडणुकांत तीन वेगवेगळे उमेदवार दिले गेले. दोनदा लाटेने तारले. तिसऱ्यांदा लाट नव्हती. उत्तर-मध्य मुंबईत ॲड. उज्ज्वल निकम यांच्यासारखा देशभर आदरपात्र ठरलेला उमेदवार मिळाला. पण नाव जाहीर झाले २७ एप्रिलला आणि मतदान होते २० मे रोजी. मतदारसंघाची ओळख व्हायलाही जे दिवस पुरेसे नव्हते, तेवढ्या दिवसांत त्यांनी लढत १६,५१४ मतांपर्यंत आणून ठेवली. दहा दिवस आधी निर्णय झाला असता तर?

सुशिक्षितांची सुट्टी

आणि आता एक कटू गोष्ट, जी मध्यमवर्गीय घरांनी शांतपणे ऐकावी. उत्तर-मध्य मुंबईत जेमतेम निम्म्या मतदारांनी मतदान केले. कल्याण मतदारसंघात मतदान ५० टक्क्यांच्या आसपास रेंगाळले. विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या पुण्यात ते ५४ टक्क्यांनाही पोहोचले नाही. त्याच वेळी नक्षलवाद्यांच्या धमक्या झुगारून, रानावनांतून पायपीट करून गडचिरोली-चिमूरच्या मतदाराने सुमारे ७२ टक्के मतदान केले. त्याने कौल विरोधात दिला, हे खरे. पण लोकशाहीचे कर्तव्य कोणी पार पाडले, या प्रश्नाचे उत्तर डेक्कन आणि डोंबिवलीला लाजविणारे आहे.

दिवाणखान्यात राष्ट्रचिंता करायची, भ्रमणध्वनीवर रोज देशभक्तीचे संदेश पुढे ढकलायचे आणि मतदानाला जोडून सुट्टी आली की कोकणात किंवा महाबळेश्वरला निघून जायचे. ही देशभक्ती नव्हे, हा देशभक्तीचा छंद आहे. मतदारयादीत नाव नव्हते, अशी तक्रार अनेकांनी केली. ती काही ठिकाणी निश्चितच रास्त होती. पण यादीत नाव आहे की नाही, हे पाहण्याचा दिवस मतदानाचा नसतो. ते तीन महिने आधी पाहायचे असते, आणि आपल्याबरोबर इमारतीतील वीस घरांचेही पाहायचे असते.

नोव्हेंबरचा अर्थ

नोव्हेंबरमध्ये काय बदलले? विरोधक म्हणतात, लाडक्या बहिणींना दरमहा मिळालेल्या दीड हजार रुपयांनी निवडणूक फिरविली. त्या योजनेचा लाभ झाला हे नाकारण्याचे कारण नाही. पण तेवढ्याने २३५ जागा येत नाहीत. राज्यातील मतदान सुमारे ६१ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले. हे पाच टक्के आकाशातून पडले नाहीत. ‘सजग रहो’ यांसारख्या जागरणाच्या उपक्रमांतून लहान लहान बैठका झाल्या, याद्या तपासल्या गेल्या, घरोघर संपर्क झाला, रुसलेला कार्यकर्ता पुन्हा घराबाहेर पडला. जो विचार जूनमध्ये ‘नाकारला गेला’ होता, तोच विचार नोव्हेंबरमध्ये विक्रमी बहुमत घेऊन आला. मध्यंतरी विचार बदलला नव्हता; बदलले होते ते परिश्रम.

याचा पुरावा हवा असेल तर पुन्हा नांदेडकडे पाहावे. खासदार वसंत चव्हाण यांच्या निधनामुळे तेथे विधानसभेबरोबरच लोकसभेची पोटनिवडणूक झाली. त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर, त्याच मतदारांनी दोन बटणे दाबली. मतदारसंघातील सहाही विधानसभा क्षेत्रे महायुतीने जिंकली. आणि लोकसभेची जागा भाजपने १,४५७ मतांनी गमावली. राज्यभर विजयाचे फटाके फुटत असताना हा पराभव कोणाच्या लक्षातही आला नाही. विधानसभेसाठी धावणारे पाय लोकसभेच्या उमेदवारासाठी तेवढेच धावले का? सहा विजयांच्या पोटात एक पराभव लपून बसतो, तो असा. २०२९ मध्ये लोकसभेचे मतदान होईल तेव्हा नोव्हेंबरचे २३५ नव्हे, तर नांदेडचे १,४५७ डोळ्यांसमोर असले पाहिजेत.

१६६५ साली पुरंदरच्या तहात शिवछत्रपतींना २३ किल्ले मोगलांच्या स्वाधीन करावे लागले. महाराजांनी त्याचे खापर मिर्झाराजांच्या कपटावर फोडून समाधान मानले नाही, की उरलेल्या बारा किल्ल्यांच्या बळावर ‘काहीच घडले नाही’ असेही म्हटले नाही. आग्र्याहून सुटून आल्यावर त्यांनी उतावळेपणाने तलवार उपसली नाही. मधली वर्षे त्यांनी राज्याची घडी बसविण्यात घालविली. आणि १६७० मध्ये कोंढाण्यापासून जो धडाका सुरू झाला, तो गेलेले गड परत आणीतच गेला. कोणता गड कोणत्या वाटेने पडला आणि कोणत्या वाटेने चढता येईल, याचा हिशेब ज्याच्या मनात पक्का असतो, त्यालाच ते साधते.

धुळ्याची दोन मते, बीडची तीन मते, चंद्रपूरचे अडीच लाख, राखीव मतदारसंघांतील आठ दारे आणि पुण्या-मुंबईतील अर्धी बंद घरे : हा तो हिशेब आहे. तो विरोधकांना विचारायचा नाही, वाहिन्यांवर मांडायचा नाही. तो प्रत्येक मतदान केंद्राच्या कार्यकर्त्याने आपल्या वहीत मांडायचा आहे, आणि वही मिटण्यापूर्वी शेजारच्या वस्तीतील एका घराचा उंबरा ओलांडायचा आहे.